मधली चित्रं

बुधवारी सकाळी सात वाजता कस्तुरी जिन्याच्या वरच्या पायरीवर होती, आणि मग ती खालच्या पायरीवर होती. मधल्या अकरा पायऱ्या तिने घेतल्याच नाहीत. पाठीला दप्तर, हातात पाण्याची बाटली, एका वेणीची रिबन सुटलेली, सगळं जसंच्या तसं. वर होतं ते खाली आलं, एवढाच फरक.

तिची आई वैजयंता डबा द्यायला मागोमाग गॅलरीत आली होती. तिने हे स्वच्छ पाहिलं. दुसरी कुणी असती तर किंचाळून आळी गोळा केली असती. वैजयंता चौगुलेने आधी हिशेब केला. अकरा पायऱ्या, पायरीला दोन चित्रं, म्हणजे बावीस चित्रं कमी पडली. खरं तर तिला हिशेब करायचीही गरज नव्हती, कारण ती बावीस चित्रं तिच्याच हातची होती.

"आई, डबा!" कस्तुरी खालून ओरडली.

"तू उतरलीस कशी गं?"

"कशी म्हणजे? वर होते, आता खाली आहे. दे की लवकर, रिक्षावाले काका हॉर्न द्यायलेत."

वैजयंता स्वतः तेरा पायऱ्या उतरून गेली, एकेक मोजून, आणि डबा देऊन वर आली. रणजित, म्हणजे कस्तुरीचा बाप, फाउंड्रीत पहिल्या पाळीला निघायच्या गडबडीत मोजे शोधत होता. तिने त्याला झाला प्रकार सांगितला.

"खाली पोचली नव्हं?" तो म्हणाला.

"पोचली."

"मग झालं की. मधलं कशाला बघत बसतीस?"

बाप लोकांचं हे बरं असतं. पोर सकाळी गेली आणि संध्याकाळी आली की त्यांचा दिवस भरला. वैजयंताचं मात्र उभं आयुष्य मधलं बघण्यात गेलेलं होतं, आणि तिचं पोटही त्यावरच चालायचं.

ती राजारामपुरीत एका तुपाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये कामाला जायची. तिथे चौदा टेबलं होती, प्रत्येक टेबलाच्या मधोमध खालून दिवा लावलेली काच, आणि प्रत्येक काचेवर वाकलेली एक मान. जपानहून त्यांच्याकडे ॲनिमेशनच्या सिनेमाची चित्रं यायची, पण सगळी नव्हे. मुलगी जिन्याच्या वर उभी आहे, हे एक चित्र यायचं. मुलगी जिन्याच्या खाली उभी आहे, हे दुसरं. ती उतरते कशी, ते कोल्हापुरात काढायचं. तिकडच्या मोठ्या माणसांनी दोन टोकं द्यायची आणि मधलं सगळं या चौदा जणांनी निभावायचं, अशी वाटणी होती. लग्नात आचाऱ्याचं असतं तसंच हे, जेवण त्याने रांधायचं आणि नाव यजमानाचं व्हायचं.

दोन वर्षं त्यांनी एकाच सिनेमाचं काम केलं. सिनेमा एका दहा वर्षांच्या मुलीचा, तिचं नाव हानाए. तिच्या आजीचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं असतं आणि आजी काही घर सोडायला तयार नसते. तेव्हा ही पोर पाण्याच्या तळाशी जाते, घराला दोर बांधते, आणि आख्खं घर, आत बसलेल्या आजीसकट, पाठीवर घेऊन वर यायला निघते. वाटेत देवळाचे खांब जागा बदलतात, मासे दमदाटी करतात, पाण्यातले लोक तिला सारखे कामाला जुंपतात. नीट बघितलं तर त्या सिनेमात पोरीचं चढणं, उतरणं, वळणं, वाकणं आणि ओझं उचलणं यापलीकडे फारसं काही नव्हतं. म्हणजे मधलीच चित्रं सगळी.

जे चित्र तिकडे पसंत पडायचं नाही, ते तांबडा शिक्का बसून परत यायचं. त्याला रिटेक म्हणायचे. शेजारच्या टेबलावरच्या भिंगार्डेचं लोखंडी कपाट रिटेकने गच्च भरलेलं होतं, त्याचं दार लागायचं नाही. वैजयंताचं एकही चित्र दोन वर्षांत परत आलं नाही. बाकीचे लोक आरशात बघून काढायचे, नाहीतर मोबाइलवर चित्रीकरण करून. वैजयंता कस्तुरीला करायला लावायची. "चल, जिना उतर. परत उतर. आता दमलीयस असं समज. आता केस कानामागं टाक, पण हळू. आता मागं वळून बघ." पोर बिचारी शाळेतून आली की चिक्कीचा तुकडा तोंडात धरून हे सगळं करायची. असल्या एकतीस हालचाली आईने तिच्याकडून करून घेतल्या आणि कागदावर उतरवून जपानला पाठवल्या.

आणि सोमवारी त्या सिनेमाला परदेशात फार मोठं बक्षीस मिळालं. नेजदार सर, म्हणजे हॉलचे मालक, त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, शाल-श्रीफळ झालं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात सर पूर्ण आले आणि वैजयंताचा एक कान आला. मंगळवारी सुट्टी होती. बुधवारी जिना गेला.

गुरुवारी मानेचं वळणं गेलं. कस्तुरीचं तोंड खिडकीकडे असायचं, आणि हाक मारली की तिचं तोंड तुमच्याकडे असायचं. शुक्रवारी केस कानामागे टाकणं गेलं. शनिवारी ताट उचलणं गेलं. ताट ओट्यावर असायचं, मग ते कस्तुरीच्या हातात असायचं, आमटीचा थेंबही न सांडता. वैजयंता भिंतीला पाठ लावून बसायची आणि बोटांवर मोजायची. शॉट दोनशे चौदा, शॉट तीनशे एक, शॉट तीनशे दोन. ज्या क्रमाने तिने पाठवले होते त्याच क्रमाने ते जात होते.

शाळेला काही विशेष वाटलं नाही. वर्गशिक्षिकांनी वहीत लिहून पाठवलं की मुलगी हात वर करत नाही, तिचा हात एकदम वर असतो, तरी घरी समज द्यावी. खेळाच्या कांबळे बाई मात्र फोनवर आनंदाने वेड्या झाल्या होत्या.

"तुमची पोर खो-खोला जन्मलीय हो! या खांबाला असते, नि त्या खांबाला असते. मधे कुणाला गावतच नाही!"

"कुणालाच?"

"कुणालाच! तालुक्याला घेऊन जाणार मी तिला."

रणजितने ही बातमी फाउंड्रीत सगळ्यांना सांगितली. वैजयंता त्या दिवशी जेवली नाही. देवळाच्या खांबांमधून पळणं, शॉट चारशे नऊ, अठ्ठेचाळीस चित्रं. अंगणात दोन खुर्च्या ठेवून तिने पोरीला त्यांच्यामधून पळायला लावलं होतं, पायाला ठेच लागली तरी पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा खांदा नीट दिसला नव्हता.

इथवर तरी निभलं असतं. पण सिनेमा आता ठिकठिकाणी लागायला लागला. फ्रान्समध्ये लागला त्या सकाळी कस्तुरी सात वाजता जिन्याच्या वर होती आणि सात वाजून दहा मिनिटांनी जिन्याच्या खाली होती. मधली दहा मिनिटं जिना नुसता जिना होता. वैजयंता खाली जाऊन उभी राहिली होती, तिच्यासमोर पोर उगवली. मोजे ओलेचिंब होते.

"कुठं होतीस?"

"काम होतं."

"कसलं काम?"

"घर उचलायचं होतं," कस्तुरी म्हणाली. गिरणीतून दळण आणलं असतं तर याच आवाजात सांगितलं असतं. "आजी आत बसून हलते, म्हणून एका बाजूला जातं. आई, मोजे बदलायला वेळ आहे का?"

संध्याकाळी वेणी घालताना वैजयंताला तिच्या दोन्ही खांद्यांवर दोराचे वळ दिसले. तिने खोबरेल तेल कोमट केलं आणि चोळत बसली. तिला स्वतःची चीड आली. हेच खांदे तिने शिसपेन्सिलीने किती वेळा गिरवले होते, आणि तिकडून शाबासकी आली तेव्हा किती फुशारली होती ती!

हिशेब उघड होता. आणखी देश, आणखी थिएटरं, आणखी खेळ. एक दिवस असा येणार की जगात कुठे ना कुठे तो सिनेमा चालूच असेल, आणि वर असलेली कस्तुरी खाली येणारच नाही.

दुसऱ्या दिवशी रणजितने पोरीला पाठुंगळी घेतलं. "मी उतरवतो. मग कोण नेतंय बघू." तो उतरला, खाली पोचला, तेव्हा ती त्याच्या पाठीवर होती. त्याने तिला रिक्षात बसवलं आणि वर आला. मग पाळीला गेला. दुपारी भाकरी मोडताना एकदम थांबला.

"चौथ्या पायरीपासनं बाराव्या पायरीपर्यंत पाठीवर वजनच नव्हतं, वैजू," तो म्हणाला. "मी तसाच हात मागं धरून उतरलो. अर्धा तास लागला मला."

मग तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. त्यानंतर मधलं कशाला बघतीस असं तो परत म्हणाला नाही.

वैजयंता नेजदार सरांकडे गेली. सर भला माणूस, फक्त स्वतःच्या शिस्तीच्या प्रेमात पडलेला. त्यांच्या टेबलावर बक्षिसाच्या बातमीचं कात्रण काचेखाली लावलेलं होतं.

"सर, माझी चित्रं परत पाहिजेत."

"कशाला?"

"पोरीची आहेत ती."

सरांना नवल वाटलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "भिंगार्डेच्या वडलांचं चालणं असंच गेलं होतं. वडलांना बघून काढलं होतं की त्यानं. पण सगळं रिटेक झालं, परत आलं, आणि आता म्हातारा रोज पन्हाळा चढतोय. तुझं तसं नाही, वैजयंता. तुझा एकही रिटेक नाही. परत येणार काय?"

"काहीतरी असेल की, सर. तुम्हीच नियम सांगता आम्हाला."

"नियम आहे," सर चष्मा चढवत म्हणाले. "एका हाताचं एक जरी चित्र नमुन्याच्या बाहेर गेलं, तर त्या हाताची सगळी चित्रं परत येतात. पहिल्यापासनं. तिकडचा फार जुना नियम आहे. पण झाल्या सिनेमाला आता नापास कोण करणार? बक्षीस मिळालंय त्याला."

मग त्यांनी खण उघडला आणि एक जाड पाकीट पुढे सरकवलं.

"हे मात्र नवं आलंय. लांबवलेली आवृत्ती काढतायत ते. शेवटी एक शॉट वाढवलाय. साठ चित्रं. तुलाच द्या म्हणून लिहिलंय."

पाकिटात दोन चित्रं होती. पहिल्यात हानाएने घर धरणाच्या भिंतीवर आणून ठेवलेलं, आजी दारात बसलेली, आणि पोरीचा हात तिच्या हातात. दुसऱ्यात आजी एकटी दारात, आणि पोर दूर भिंतीच्या टोकाला, पाठमोरी, अंगठ्याच्या नखाएवढी. तिने हात कसा सोडवला आणि ती कशी गेली, ते मधे काढायचं होतं.

"ह्या पोरीच्या पुढं काय आहे, सर?"

"पुढं काही नाही. कोरा कागद."

"आणि हा शॉट पास झाला तर?"

"झाला तर झाला," सर म्हणाले.

हानाए कोणत्या मापात काढायची त्याचा नमुना भिंतीवर लावलेला होता, तो वैजयंताला पाठ होता. दोन डोळ्यांमधलं अंतर एक डोळा. हात डोक्याच्या मापाने अडीच डोकी लांब, त्याला केसभरही ढील नाही. एक चित्र नमुन्याबाहेर काढायचं, बस्स. एक चूक करायची आणि पोर परत आणायची. नवीन शिकणाऱ्याकडून होणारी चूक तिला माहीत होती. तिने कितीजणांना त्यावरून झापलं होतं. हलणारा हात गोल फिरतो, आणि नवखा माणूस मात्र दोन टोकांमधे सरळ रेघ धरून मधलं चित्र ठेवतो. हात मधेच आखूड होतो. तेच करायचं ठरवून ती दिवा लावून बसली.

आखूड होईना. तिने सरळ रेघ आखून घेतली, बोट टेकवलं, पेन्सिल ठेवली, आणि पेन्सिल आपली आपण गोल गेली. तीस कागद झाले. तिसांतला प्रत्येक हात अडीच डोकी. तिने डोळे मिटून काढलं, डाव्या हाताने काढलं, तरी तेच. चित्रं सुंदर होती, आणि ती सुंदर आहेत हे दिसल्यावर पोटातून आनंदाची एक लहर आली. तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. वाईट काढायलाही तालीम लागते, ती तिची कधी झालीच नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं. जे जे तिने पाहिलं होतं ते ते तिचा हात बिनचूक काढत होता. तेव्हा जे पाहिलं नाही ते काढायला हवं. ती घरी आली, रणजितकडून हॉलसारखी खालून दिव्याची काच जेवणाच्या टेबलावर चढवून घेतली, आणि कस्तुरीला डाव्या बाजूला खुर्चीवर बसवलं.

"माझा हात धर."

कस्तुरीने धरला. आईच्या डाव्या हातात तिचा उजवा.

"आता सोडू?" तिला सवयीने माहीत होतं की आता काहीतरी करून दाखवायचं असतं.

"सोडू नको. काही झालं तरी सोडू नको."

"मग तू काढणार काय?"

"तेच."

आणि तिने तेच काढलं. पोर उठते, वळते, भिंतीवरून चालायला लागते, आणि तिचा हात आजीच्या हातातच असतो. पाचव्या चित्रात तो तीन डोकी झाला. विसाव्या चित्रात आठ. पोर लांब लांब जाते आहे, आणि हात दोरीसारखा मागे सुटतो आहे, मनगटाला, कोपराला नेमका जिथल्या तिथे, पण लांब. साठाव्या चित्रात तो एकोणपन्नास डोकी भरला. वैजयंताने पट्टी लावून खात्री केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा खदखदून हसली. इतकं वाईट काम त्या हॉलमधून कधी बाहेर पडलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती कस्तुरीला हाताला धरूनच हॉलवर घेऊन गेली. रणजितने चार दिवस सुट्टी टाकली होती. जिना त्याने दोघींना उतरू दिला नाही, शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवरून फळी टाकून पलीकडच्या उतारावरून नेलं. भिंगार्डेने साठ कागद चाळले आणि हात जोडले.

"वहिनी, असला रिटेक मी माझ्या हयातीत बघितला न्हाई. आणि मी काय कमी बघितलेत?"

"येईल नव्हं परत?"

"विमानाला थांबणार न्हाई, पळत येईल!"

चित्रं गेली. उत्तर सोमवारी येणार होतं. तोवर हात सोडायचा नाही असं वैजयंताने ठरवलं. जे पोरीने केलंच नाही ते कुणाला नेता येणार नाही, एवढा नियम आता तिला कळला होता. तीन दिवस दोघी हातात हात घालून राहिल्या. रणजितने कस्तुरीला भरवलं, तिची वेणी घातली आणि ती इतकी वाकडी घातली की कस्तुरी आरशासमोर रडकुंडीला आली. वैजयंताने एका हाताने भाकरी थापली. तिला आकार कसलाच नव्हता, पण भाजली गेली. अंघोळीला मधे पडदा लावला. झोपताना दोघींच्या मनगटांवर रणजितने गमछा गुंडाळून गाठ मारली.

"आई, घाम यायलाय हाताला," कस्तुरी कुरकुरली.

"येऊ दे."

"किती दिवस असं?"

"सोमवारपर्यंत."

"आणि मग?"

"मग सगळी चित्रं परत येतील. तू जिना उतरशील, आणि मी वरनं बघत उभी राहीन. एकेक पायरी."

"तेवढंच?" कस्तुरी म्हणाली. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

सोमवारी अकरा वाजता फोन आला. वैजयंता ओट्यापाशी होती, पीठ भिजवत. कस्तुरी स्टुलावर बसून पाय हलवत होती. फोन रणजितने तिच्या कानाला धरला.

"वैजयंता," नेजदार सर म्हणाले. "दिग्दर्शकांनी स्वतः लिहिलंय. चाळीस वर्षांत पोर घरातनं जाते कशी हे त्यांना कुणी असं दाखवलं नव्हतं म्हणे. भिंतीवरचा नमुना बदलायला सांगितलाय. साठच्या साठ पास. तुझा लौकिक राखलास गं!"

रणजितने फोन खाली घेतला. स्टूल रिकामं होतं.

हात होता. वैजयंताच्या डाव्या मुठीत कस्तुरीची चार बोटं आणि अंगठा होता, ऊबदार, नखाखाली शाईचा डाग असलेला. मनगटावर काल बांधलेला गमछा सैल होऊन लोंबत होता. मनगटाच्या मागून हात स्टुलावरून गेला होता, फरशीच्या वीतभर वरून दारापर्यंत, उंबऱ्यावरून गॅलरीत, गॅलरीतून जिन्याच्या वळणाने खाली. ताणलेला होता, पण तुटेल असा नाही.

"मी बघतो," रणजित म्हणाला. त्याने चपला घातल्या आणि हाताच्या कडेकडेने जिना उतरला. खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शेजारच्या शिरोळकर काकूंनी त्यांच्या अंगणातून हाक दिली, "वैजयंता, हे तुमचंय का गं? माझ्या तुळशीवरनं गेलंय." वैजयंता म्हणाली, "आमचंच आहे काकू, जरा सांभाळून." काकूंनी वाळत घातलेली चादर दुसरीकडे नेली.

वीस मिनिटांनी फोन वाजला. तिने पिठाच्या बोटाने घेतला.

"मी रंकाळा तळ्यावर हाय," रणजित म्हणाला. मागे गाड्यांचा आवाज होता, कुणीतरी भेळ विकत होतं. "हात इथवर आलाय. कठड्यावरनं खाली उतरलाय आणि पाण्यात गेलाय. लोकं जपून जपून ओलांडायलेत. कुणी पाय दिलेला न्हाई."

"आणि ती?"

"दिसत न्हाई. पाणी सपाट हाय, काहीच हलत न्हाई. तू घट्ट धरलायस नव्हं?"

"धरलाय."

"वैजू, मी ओढू काय इथनं?"

"ओढू नका," वैजयंता म्हणाली. "पाठीवर घर असेल तिच्या. पडेल."

तेवढ्यात तिच्या मुठीतली बोटं हलली. रस्ता ओलांडायच्या आधी पोरं धरतात तशी ती एकेक करून तिच्या बोटांत अडकली आणि घट्ट मिटली. वैजयंताला इतकं बरं वाटलं की तिने फोन ओट्यावर ठेवून दुसरा हातही त्या हातावर ठेवला, पिठासकट.

मग पलीकडून ओढ आली. जोराची नव्हती, पण थांबणारी नव्हती. चालणाऱ्या माणसाची ओढ. वैजयंताचा पाय फरशीवर सरकला. ती दारापर्यंत गेली. तिने उजव्या हाताने चौकट धरली आणि पाय उंबऱ्याला रोवले, आणि डावा हात समोर, खांद्यापासून, सरळ, जेवढा जाईल तेवढा गेला. ओट्यावरून रणजितचा आवाज येत होता, पाणी हलायलंय म्हणून तो ओरडत होता. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मात्र कुणी लांब काढलेला नव्हता.